अळिंबे आणि लोकजीवन

अळिंबे आणि लोकजीवन : पावसाळ्यात जमिनीवर, कुजक्या लाकडावर, शेणखतावर किंवा वारुळावर छत्रीच्या आकाराची जी कवके उगवतात, त्यांना मराठीत अळिंब, अळंबी, भूछत्र, कुत्र्याची छत्री इ. नावे आहेत. विदर्भात त्यांतील खाद्य प्रकारांना सात्या, टेकोडे असे म्हणतात. तेलुगूतील ‘पुट्टगोडुगु’ या नावाचा अर्थ ‘वारुळाची छत्री’ असा होतो. मराठी ‘अळंबे’ व कन्नड ‘अणबे’ या शब्दांतील साम्यही लक्षणीय आहे. संस्कृतात छत्राक, भूमिच्छत्र, कवक, शिलींध्र ही नावे येतात. अन्न, औषध, विष व श्रद्धाविषय अशा चारही नात्यांनी अळिंबांचा माणसाशी फार जुना संबंध आहे. हे चारही संबंध एकाच परिसरात पाहावयाचे झाल्यास नांदेड जिल्ह्यातील माहूर व त्याच्या भोवतालचा डोंगराळ वनप्रदेश हे एक चांगले उदाहरण ठरते. तेथे शास्त्रग्रंथांची परंपरा जपणारे तीर्थक्षेत्र आणि रानातील अन्नावर काही अंशी अवलंबून असलेली वनवस्ती ही शेजारी शेजारी नांदत आली आहेत.

स्वरूप : अळिंब म्हणून जे दिसते ते संपूर्ण कवक नसून त्याचे केवळ फळ असते. कवकाचे मुख्य शरीर म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे (कवकजाल) जमिनीत किंवा लाकडात वर्षानुवर्षे राहते. पुरेसा ओलावा मिळाला की त्यापासून देठ व टोपी असलेले फळ वर येते आणि टोपीखालील पटलांतून लक्षावधी बीजुके बाहेर पडतात. कवकांत हरितद्रव्य नसल्यामुळे त्यांना स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. मृत पदार्थ कुजवून किंवा इतर सजीवांशी सहजीवन करून ती ते मिळवितात. कवके पूर्वी वनस्पतींत गणली जात. १९६९ मध्ये आर्. एच्. व्हिटाकर यांनी सजीवांच्या पंचसृष्टी वर्गीकरणात त्यांना स्वतंत्र स्थान दिले. रेणवीय अभ्यासावरून ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची असल्याचे पुढे स्पष्ट झाले. अळिंब हे शाकान्न की मांसासारखे, हा पारंपरिक आहारविचारातील संभ्रम त्यामुळे निराधार म्हणता येत नाही. ते या दोहोंत बसत नाही.

माहूर परिसर व वारुळावरील अळिंबे : माहूरच्या डोंगराला पैनगंगा नदीने तीन बाजूंनी वळसा घातला आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा व विदर्भ सुरू होतो, तर आग्नेयीस तेलंगणातील आदिलाबादचा प्रदेश आहे. किनवटचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. हा पट्टा मराठवाड्याच्या उर्वरित भागापेक्षा अधिक पावसाचा असून येथे साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस यांचे पानझडी जंगल आहे. गोंड, कोलाम, आंध, परधान, बंजारा इ. समाजांची येथे वस्ती आहे. यांपैकी कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिम जमातींत गणली जाते. आषाढापासून भाद्रपदापर्यंत घरातील धान्य संपत आलेले आणि शेतातील पीक हाती यावयाचे असते. अशा दिवसांत रानभाज्या, बांबूचे कोंब व अळिंबे यांचा आहारात मोठा आधार असतो.

या भागातील खाद्य अळिंबांत वारुळावर उगवणारी अळिंबे (टर्मिटोमायसीज प्रजाती) सर्वांत महत्त्वाची होत. त्यांची उत्पत्ती सजीवसृष्टीतील एका विलक्षण सहजीवनातून होते. ओडोंटोटर्मिस प्रजातीसारख्या वाळव्या लाकूड व पालापाचोळा खातात. पण त्यातील काष्ठद्रव्य त्यांना पचविता येत नाही. म्हणून त्या अर्धवट पचलेल्या पदार्थाचे स्पंजासारखे पोळे वारुळात रचतात व त्यावर या कवकाची लागवड करतात. कवक काष्ठद्रव्याचे विघटन करते आणि पोळ्यावर येणाऱ्या त्याच्या पांढऱ्या गाठी वाळवीच्या उपयोगी पडतात. ही ‘शेती’ सु. तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली असावी, असे मानतात. माणसाची शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची आहे. वारुळातील कवकाचे वर्णन दक्षिण भारतात काम केलेले निसर्गवैज्ञानिक योहान कोनिग यांनी १७७९ मध्ये केले. फ्रेंच कवकवैज्ञानिक रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये या कवकांची टर्मिटोमायसीज ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली.

पावसाने वारूळ भिजले की पोळ्यातील कवकापासून लांब मुळासारखा देठ मातीतून वर चढतो. टोपीच्या मध्यावरील टणक टोक माती भेदून वाट काढते. एकाच वारुळावर दरवर्षी साधारण त्याच सुमारास अळिंबे येतात. त्यामुळे ती गोळा करणाऱ्यांना रानातील वारुळांच्या जागा पाठ असतात. टोपी पुरती उघडण्यापूर्वीची कळी अधिक रुचकर समजली जाते. अळिंबे काढल्यावर लवकर खराब होतात, म्हणून त्याच दिवशी ती अनेक पाण्यांत धुऊन, माती काढून शिजवितात. कांदा, तिखट व तेल यांवर परतून भाकरीबरोबर खाण्याची रीत सर्वत्र आहे. कोकणात व गोव्यात त्यात नारळ येतो. जास्तीची अळिंबे उन्हात वाळवून ठेवतात. ताज्या अळिंबात सु. ९० टक्के पाणी असते. वाळलेल्या वजनाचा पाचवा हिस्सा वा त्याहूनही अधिक भाग प्रथिनांचा असतो. तृणधान्यांत कमी पडणारे लायसीन हे ॲमिनो अम्ल त्यांत असते. उन्हात वाळविल्यास त्यांतील एर्गोस्टेरॉलापासून ड जीवनसत्त्व तयार होते. वाळवण्याच्या जुन्या पद्धतीला असा पोषणशास्त्रीय आधारही आहे.

वारूळ, देवी व नाग : महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या माहूरच्या रेणुकेचे केवळ मुखच पूजिले जाते. परशुरामाने देवीच्या प्रकट होण्यापूर्वीच मागे वळून पाहिल्याने तिचे फक्त मुख भूमीतून वर आले, अशी आख्यायिका आहे. रा. चिं. ढेरे यांनी लज्जागौरी (१९७८) या ग्रंथात रेणुका, यल्लम्मा, सांतेरी इ. देवतांचा एकत्रित विचार करून त्या मूलतः भूदेवता असल्याचे व वारूळ हे भूमीच्या सर्जनशीलतेचे प्रतीक असल्याचे प्रतिपादन केले आहे. गोव्यात व दक्षिण कोकणात सांतेरी (सातेरी) देवीची वारूळरूपात पूजा होते. कोकणी भाषेत वारुळास ‘रोयण’ म्हणतात आणि तेथील आवडत्या अळिंबांची ओळखही याच शब्दाने दिली जाते. पूजेचा विषय असलेले वारूळ आणि पावसाळी अन्न देणारे वारूळ ही अशा प्रकारे एकच वस्तू आहे.

श्रावणातील नागपंचमीस वारुळाची पूजा होते. त्या दिवशी जमीन खणू अथवा नांगरू नये असा संकेत आहे. अळिंबांचा हंगामही हाच असतो. वारुळाबद्दलच्या या आदरामुळे बांधावरील व राईतील अनेक वारुळे आजवर टिकली असावीत.

साप व अळिंब यांची सांगड इतरत्रही आढळते. चरकसंहितेत वर्ज्य अळिंबास ‘सर्पच्छत्रक’ म्हटले आहे. पाली भाषेत अळिंबास ‘अहिच्छत्तक’ (सापाची छत्री) असे नाव आहे. रोमन लेखक प्लिनी यानेही सापाच्या बिळाजवळील अळिंबात सापाच्या फुत्काराने विष उतरते, अशी समजूत नोंदविली आहे. वारूळ हे सापाचे आश्रयस्थान असते ही गोष्ट खरी. परंतु अळिंबातील विष त्याचे स्वतःचे असते, सापापासून ते येत नाही.

प्राचीन भारतीय वाङ्मय : धर्मशास्त्र व वैद्यक यांची अळिंबांविषयीची दृष्टी एकसारखी नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा यांच्या जोडीने कवके द्विजांना अभक्ष्य ठरविली आहेत व जाणूनबुजून छत्राक खाणारा पतित होतो असे म्हटले आहे. सहाव्या अध्यायात वानप्रस्थानेही जमिनीत उगवणारी कवके वर्ज्य करावीत असे सांगितले आहे. रानातील फळामुळांवर राहणाऱ्यालाही असा निषेध करावा लागला, यावरून वनवासी लोकांच्या आहारात ती सहज येत असली पाहिजेत असे सूचित होते. शिवाय हा निषेध द्विजांपुरता होता. रानावर जगणाऱ्या समाजांना तो लागू नव्हता. जैन आहारनियमांतही अळिंबे वर्ज्य आहेत. तीर्थक्षेत्रांत व सोवळे पाळणाऱ्या कुटुंबांत अळिंबे न खाण्याची जी चाल आढळते, तिच्यामागे ही परंपरा आहे.

वैद्यकाने मात्र निषेधापेक्षा निरीक्षणावर भर दिला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानविधीच्या अध्यायात अळिंबांसारख्या उद्भिद शाकांचे ती कशावर उगवतात यावरून पाच प्रकार केले आहेत : गवताच्या काडावरील, उसावरील, शेणावरील, वेळूवरील व जमिनीवरील. त्यांचे गुणही वेगवेगळे सांगितले आहेत. काडावरील अळिंब मधुर व दोषशामक, तर शेणावरील व वेळूवरील अळिंबे वातप्रकोपक मानली आहेत. आधारपदार्थावरून केलेले हे वर्गीकरण आजच्या परिस्थितिवैज्ञानिक दृष्टीशी जुळणारे आहे. चरकाने सर्पच्छत्रक वगळता छत्रांच्या अन्य अनेक जाती शीत, मधुर, गुरू व पडसे उत्पन्न करणाऱ्या असल्याचे म्हटले आहे. अळिंबांना सरसकट विषारी न ठरविता त्यांत भेद केला पाहिजे, ही जाणीव या विवेचनात स्पष्ट दिसते.

काव्यात अळिंब हे वर्षाऋतूचे व सुपीकतेचे चिन्ह होय. कालिदासाच्या मेघदूतात मेघगर्जनेने पृथ्वीवर शिलींध्रे उगवतात व ती सफल होते अशी कल्पना आहे. मल्लिनाथासारखे टीकाकार येथे शिलींध्र म्हणजे कंदली असा अर्थ करतात. गडगडाटाने अळिंबे उगवतात ही समजूत ग्रीक-रोमन जगातही होती आणि प्लूटार्कने तिची चर्चा केली आहे. अलीकडे जपानमध्ये कृत्रिम विद्युत् स्पंद दिल्याने शिताकेसारख्या अळिंबांचे उत्पादन वाढल्याचे प्रयोगांत दिसून आले.

बौद्ध वाङ्मयातील एक वाद प्रसिद्ध आहे. पावा येथे चुंद लोहाराने बुद्धास शेवटच्या भोजनात ‘सूकरमद्दव’ हा पदार्थ वाढला. त्याचा अर्थ काही जण डुकराचे मांस असा, तर काही जण डुकरांना आवडणारे एखादे अळिंब असा करतात. पाली अट्ठकथांतही याविषयी एकमत नाही.

भय व आवड : माणूस अळिंबे केव्हापासून खाऊ लागला हे निश्चित सांगता येत नाही. स्पेनमधील एल मिरॉन गुहेत सापडलेल्या सु. १८–१९ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी दातांवरील किटणात अळिंबांची बीजुके आढळली आहेत. रोममध्ये ते श्रीमंतांचे पक्वान्न होते व घाताचे साधनही. सम्राट क्लॉडिअस याचा इ. स. ५४ मध्ये अळिंबांतून विषप्रयोग होऊन मृत्यू झाला, असे रोमन इतिहासकारांनी म्हटले आहे.

अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट गॉर्डन वॉसन व त्यांच्या रशियन पत्नी डॉ. व्हॅलेंटिना यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अळिंबप्रेमी व अळिंबभीरू असे समाजांचे दोन वर्ग केले. १९२७ मध्ये फिरावयास गेले असता पत्नीने आनंदाने वेचलेली रानटी अळिंबे पाहून वॉसन भयभीत झाले. हा फरक व्यक्तींचा नसून त्यांच्या समाजांचा आहे, हे त्यांच्या ध्यानात आले व त्यातून हा अभ्यास सुरू झाला. महाराष्ट्राला ही विभागणी जशीच्या तशी लावता येत नाही. पैनगंगेच्या एकाच खोऱ्यात अळिंब टाळणारी व आवडीने खाणारी कुटुंबे आहेत. त्यांच्यातील भेद वंशाचा किंवा भाषेचा नसून रानाशी असलेल्या परिचयाचा व आहारनियमांचा आहे.

ऋग्वेदातील सोम म्हणजे ॲमानिटा मस्कॅरिया हे लाल टोपीचे मादक अळिंब होय, असे मत वॉसन यांनी १९६८ मध्ये मांडले. संस्कृतज्ञ जॉन ब्रफ यांनी १९७१ मध्ये त्यावर सविस्तर आक्षेप घेतले. अन्य विद्वान सोमाचा संबंध एफेड्रासारख्या वनस्पतींशी जोडतात. वॉसन यांचे मत सर्वमान्य झाले नाही. तथापि अळिंबांचा धर्मेतिहासाशी असलेला संबंध त्यामुळे गंभीर अभ्यासाचा विषय बनला. मेक्सिकोतील आदिवासींच्या विधींत वापरल्या जाणाऱ्या अळिंबांतून आल्बेर्ट होफमान यांनी १९५८ मध्ये सायलोसायबीन हे द्रव्य वेगळे केले. नैराश्यावरील उपचारासाठी त्याच्या चाचण्या चालू असून ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये मर्यादित वैद्यकीय वापरास परवानगी दिली. भारतात ते १९८५ च्या कायद्यानुसार नियंत्रित मनोप्रभावी द्रव्यांत मोडते.

औषधी उपयोग : पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात फणसाच्या खोडावर वाढणारे कठीण, लाकडासारखे कवक (फेलिनस प्रजाती) ‘फणसंबा’ या नावाने वैदू व काष्ठौषधी विक्रेत्यांकडे मिळते. ते उगाळून लहान मुलांच्या तोंड येण्यावर व लाळ गळण्यावर लावण्याची प्रथा आहे. चीनमध्ये गॅनोडर्मा (लिंगझी) हे दीर्घायुष्यदायी मानतात. जपानमध्ये शिताके अळिंबातील लेंटिनान या बहुशर्करेस १९८५ मध्ये जठराच्या कर्करोगावरील पूरक औषध म्हणून मान्यता मिळाली. तथापि बाजारात अळिंबांच्या चूर्णांविषयी जे सर्वरोगनाशक दावे केले जातात, त्यांना पुरेसा चिकित्सालयीन आधार नाही.

विषबाधा व पारख : अळिंबांच्या हजारो जातींपैकी थोड्याच प्राणघातक आहेत, पण त्यांतील काही खाद्य जातींशी फार मिळत्याजुळत्या असतात. ॲमानिटा फॅलॉइड्स व तिच्या काही जवळच्या जातींतील ॲमाटॉक्सिने यकृताच्या कोशिकांतील प्रथिननिर्मिती बंद पाडतात. उलट्या व जुलाब सुरू होण्यास ६ ते २४ तास लागतात. नंतर काही काळ बरे वाटते व त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. मधला आरामाचा काळ फसवा असल्याने रुग्णाला उशिरा रुग्णालयात नेले जाते व तेच अनेकदा मृत्यूचे कारण ठरते. ही विषे शिजविल्याने किंवा वाळविल्याने नष्ट होत नाहीत. पावसानंतर हिरवळीवर येणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डायटीझ या हिरवट पटलांच्या अळिंबामुळेही तीव्र वांत्या होतात.

विषारी अळिंबात चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडतो, किड्यांनी वा गुरांनी खाल्लेले अळिंब निर्धोक असते, पांढरे अळिंब खाण्याजोगे असते, या सर्व कसोट्या चुकीच्या आहेत. खाद्य व विषारी अळिंबे वेगळी करणारे कोणतेही एकच लक्षण नाही. प्रत्येक जात स्वतंत्रपणे ओळखावी लागते. अनुभवी वेचणारे नेमके हेच करतात. अळिंब कोणत्या जागी, कोणत्या पावसानंतर, कोणत्या झाडाखाली वा वारुळावर आले, देठ किती खोल गेला आहे, त्याला खाली पिशवीसारखे वेष्टन आहे काय, हे सर्व पाहून ते निर्णय घेतात व अनोळखी अळिंबाला हात लावीत नाहीत. मात्र हे ज्ञान त्या त्या रानापुरते असते. कामासाठी दूरच्या प्रदेशात गेलेल्या मजुराने आपल्या गावच्यासारखे दिसणारे अळिंब खाल्ल्यास घात होऊ शकतो. बाधेचा संशय येताच लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात जावे व उरलेले अळिंब बरोबर न्यावे.

लागवड : चीनमधील वांग जन याच्या १३१३ मधील कृषिग्रंथात ओंडक्यांवरील शिताके लागवडीचे वर्णन आहे. यूरोपात सतराव्या शतकात पॅरिसच्या आसपास बटन अळिंबाची लागवड सुरू झाली. भारतात भाताच्या पेंढ्यावरील अळिंबाची लागवड १९४० च्या सुमारास कोईमतूर येथे यशस्वी झाली. बटन अळिंबावर १९६१ पासून हिमाचल प्रदेशातील सोलन येथे काम सुरू झाले. तेथेच १९८३ मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन होऊन २००८ मध्ये त्याचे अळिंब संशोधन निदेशालय झाले. म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रविद्या संशोधन संस्थेत १९६२ मध्ये धिंगरी अळिंबाच्या (प्ल्यूरोटस प्रजाती) लागवडीचे प्रयोग झाले. धिंगरीला गव्हाचे किंवा भाताचे काड, सोयाबीनचा भुसा असा कोणताही वाया जाणारा शेतमाल चालतो. काड भिजवून व गरम पाण्याने निर्जंतुक करून त्यात बी पेरले की सु. तीन आठवड्यांत अळिंबे येऊ लागतात. त्यामुळे मराठवाड्यातील लहान शेतकऱ्यांना व महिला बचत गटांना पावसाळ्यात व हिवाळ्यात ती सोयीची ठरते. उन्हाळ्यातील कोरडी उष्णता मात्र तिला मानवत नाही.

सद्यःस्थिती : वारुळावरील अळिंबांची व्यापारी लागवड अद्याप साध्य झालेली नाही; कारण त्यांना वाळवी व तिचे वारूळ लागते. वारूळ मोडले, बांध सपाट केला, वाळवीनाशके फवारली किंवा जंगल तुटले की तेथील अळिंब कायमचे जाते. बाजारात भाव वाढल्याने वारूळ खणून कोवळ्या कळ्याही काढल्या जातात. गोव्यातील अभ्यासकांनी या अतिरेकाविरुद्ध इशारा दिला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींच्या गौण वनोपजावरील हक्कास मान्यता दिली. पण वेचण्याचा हक्क व वेचण्याचे ज्ञान या भिन्न गोष्टी आहेत. हे ज्ञान लिखित नाही. पावसात आईबरोबर रानात जाणाऱ्या मुलांना ते मिळते. कुटुंबे हंगामी कामासाठी बाहेर पडली व मुले वसतिगृहांत राहू लागली म्हणजे ती परंपरा खंडित होते. तिची जागा एखाद्या चित्रमय पुस्तकाने भरून निघण्याजोगी नाही. कारण चित्रात जागा, पाऊस व माती येत नाही. म्हणून माहूर–किनवटसारख्या प्रदेशांत अळिंबांच्या जाती, त्यांची स्थानिक नावे व ओळखण्याच्या खुणा यांची नोंद जाणत्या व्यक्तींच्या सहभागाने करणे, तसेच वारुळे राखणे, ही कामे बरोबरीने व्हावयास हवीत. सुश्रुतसंहितेतील पाच प्रकारांच्या वर्णनामागेही अशाच अनामिक वेचणाऱ्यांचे निरीक्षण असले पाहिजे.